दाखवायचं नाही

माझ्या संगणकावर एक फोल्डर आहे. नाव 'दाखवायचं नाही'. आत तीन वर्षांचं काम आहे: एका वस्तूच्या पॅकेजिंगची अख्खी मालिका. लहान खोका, मोठा खोका, भेट द्यायचा खोका, आतली घडीपत्रिका, झाकणावरचं स्टिकर. फायनल, फायनल-२, खरंच-फायनल, आणि त्यानंतरही आलेल्या दोन फायनल. मोठ्या खोक्याच्या कडेला, तिसऱ्या घडीपाशी, एक बारीक रेघ आहे. ती छपाईत सरकू नये म्हणून मी छापखान्यात दोन रात्री उभी होते.

हे खोके दुकानांत होते. कुणीही उचलावा, उलटसुलट करून बघावा, आतली वस्तू काढून खोका फेकून द्यावा. लोक त्याचे फोटो काढून इंटरनेटवर टाकत. रस्त्याच्या कडेला चुरगळून पडलेला एक मी स्वतः पाहिला आणि वेड्यासारखी वाकून रेघ जागेवर आहे का ते बघितलं. होती. साऱ्या जगाला तो खोका दिसत होता. फक्त मी त्याच्याकडे बोट करून 'हा मी केला' म्हणायचं नव्हतं.

झालं ते असं. करार अकरा पानांचा होता. मी त्यातलं पैशांचं पान वाचलं, तारखांचं वाचलं आणि करेक्शनच्या किती फेऱ्या धरल्या आहेत ते वाचलं, कारण आधीच्या एका कामात सतरा फेऱ्यांनी माझा जीव काढला होता. नवव्या पानावर एक परिच्छेद होता. या कामातून तयार होणारी प्रत्येक गोष्ट, कच्ची असो की पक्की, क्लायंटच्या मालकीची. लेखी संमतीवाचून ती कुठेही, कोणत्याही कारणासाठी प्रसिद्ध करायची नाही. आणि आपल्यात असा काही करार आहे हेही कुणाला सांगायचं नाही. मी सही केली. काम हवं होतं.

मालिका पूर्ण होऊन बाजारात आल्यावर मी तिचे आठ फोटो माझ्या वेबसाइटवर लावले. चौथ्या दिवशी मेल आला. अतिशय सभ्य मेल. चोवीस तासांत फोटो वेबसाइटवरून काढून टाकावेत, काढल्याचं कळवावं, सहकार्याबद्दल आभार. मी दहा मिनिटांत काढले. राग मात्र बरेच दिवस पुरला.

ज्यांच्याबरोबर तीन वर्षं काम केलं त्या बाईंना फोन केला. त्या कळवळून म्हणाल्या, "अगं, मला विचारशील तर खुशाल लाव. पण लीगलचं म्हणणं पडलं की नको." हा लीगल मी कधी पाहिलेला नाही. प्रत्येक मोठ्या क्लायंटकडे तो असतो, मीटिंगला कधी येत नाही, आणि त्याचं नेहमी काहीतरी म्हणणं पडलेलं असतं.

खरी पंचाईत पुढे झाली. नवं काम मिळवायला गेले की समोरचा म्हणायचा, अलीकडचं काही दाखवा. माझ्याकडे होतं ते तीन-चार वर्षांपूर्वीचं. मधला काळ कोरा. "काम आहे, पण दाखवता येत नाही," हे मी पहिल्यांदा म्हटलं तेव्हा समोरच्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून आठवतं. अविश्वास म्हणता येणार नाही. सभ्यपणा होता. माणूस थाप मारतोय असं वाटूनही आपण ते दाखवत नाही, तसा. नोकरीतल्या डिझायनरला निदान अमुक ठिकाणी इतकी वर्षं होते असं म्हणता येतं, पगाराच्या पावत्या असतात, वरिष्ठांचं पत्र असतं. फ्रीलान्सरचा पुरावा म्हणजे त्याचं काम, एवढाच. ते काढून घेतलं की तीन वर्षं आजारी होता, तुरुंगात होता की झोपला होता, कुणाला कळायचा मार्ग नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणतात. माझ्या हातात कांकण होतं, पण हात पाठीमागे धरायचा होता.

रागात मी कायदा वाचायला बसले. वकील होण्याइतका नव्हे. भांडता येईल इतका.

आमच्या धंद्यात दोन ठाम समजुती आहेत. क्लायंटची समजूत: पैसे मोजले, काम आमचं. आमची समजूत: मी केलं, मी दाखवणार, कोण अडवतंय बघू. दोन्ही अर्ध्या खऱ्या. एका खोक्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकात एक बसवलेल्या असतात आणि आपण त्यांना एकच समजतो. एक म्हणजे ती वस्तू, हातात धरता येणारी. दुसरी म्हणजे तिच्यावरच्या रचनेच्या प्रती काढण्याचा हक्क, म्हणजे कॉपीराइट. आणि तिसरी म्हणजे ही रचना कुणाची, ते सांगण्याचा हक्क. पहिली विकली म्हणून दुसरी आपोआप जात नाही. दुसरी दिली तरी तिसरी बऱ्याच ठिकाणी मागे उरते.

यातलं पहिलं वाक्य मला एका खटल्यातून कळलं. १९८५ साली वॉशिंग्टनमध्ये बेघरांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने जेम्स अर्ल रीड नावाच्या शिल्पकाराकडून एक शिल्प करून घेतलं. रस्त्यावरच्या वाफेच्या जाळीवर ऊब घेत बसलेलं एक बेघर कुटुंब. कल्पना संस्थेची, सूचना संस्थेच्या, घडवणारे हात रीडचे. शिल्प प्रदर्शित झालं, नंतर किरकोळ दुरुस्तीसाठी रीडकडे परत आलं. संस्थेला ते गावोगावी फिरवायचं होतं. रीड म्हणाला, ज्या साहित्याचं ते केलंय त्याला हा प्रवास झेपणार नाही. त्याने ते परत द्यायला नकार दिला. मग दोघांनीही आपापल्या नावावर कॉपीराइटची नोंद करायला धाव घेतली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९८९ साली निकाल लागला की रीड हा नोकर नव्हता, स्वतंत्र कारागीर होता. त्यामुळे संस्था मालक आणि तो तिचा पगारी माणूस, या न्यायाने शिल्पाचा कॉपीराइट संस्थेचा ठरत नाही. निकालातलं मला सर्वांत लागलेलं वाक्य कायद्याचं नाहीच. काम चालू असताना या दोघांनी कॉपीराइटविषयी कधी चकार शब्द काढला नव्हता, असं त्यात नोंदवलेलं आहे. शिल्प कसं असावं, चौथरा कुणी करायचा, यावर बोलणी झाली. हे कुणाचं, यावर नाही.

अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यात बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेलं काम 'नोकरीत केलेल्या कामा'सारखं धरायचं असेल तर दोन अटी आहेत. दोघांच्या सहीचा लेखी करार हवा आणि ते काम ठरावीक नऊ प्रकारांपैकी एक हवं. त्या नऊ प्रकारांत नकाशांचा संग्रह आहे, परीक्षेचे प्रश्न आहेत, त्या प्रश्नांची उत्तरंसुद्धा आहेत. लोगो नाही. खोका नाही. म्हणूनच शहाणे वकील करारात आणखी एक वाक्य घालून ठेवतात: आणि तसं धरता येत नसेल, तर डिझायनर आपले सर्व हक्क याद्वारे आम्हाला देत आहे. माझ्या नवव्या पानावर हे वाक्य होतं. मी परत जाऊन बघितलं.

इतर देशांत आणखी वेगळं. जर्मनीत लेखकाचा (कायद्याच्या भाषेत लेखक म्हणजे रचना करणारा कुणीही) हक्क जिवंतपणी दुसऱ्याला देताच येत नाही; वापरण्याची परवानगी तेवढी देता येते, कमी किंवा जास्त. भारताच्या १९५७ च्या कायद्यात हक्क द्यायचा तर तो लेखी आणि सही करूनच द्यावा लागतो, आणि किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात. हे मी एका मित्राला सांगितलं, तोही याच धंद्यातला. तो हिशेब करू लागला की कुठली पाच वर्षं कधी संपली. त्याचे करार शोधले तर एकही नव्हता. सगळं काम 'हो, करा सुरू' या दोन-तीन शब्दांच्या मेलवर झालेलं.

आता तिसरी गोष्ट, नावाची. बर्न करार म्हणून कॉपीराइटविषयीचा एक आंतरराष्ट्रीय करार आहे, १८८६ चा. त्यात १९२८ साली रोमच्या परिषदेत एक कलम घातलं गेलं: आर्थिक हक्क दुसऱ्याला देऊन टाकल्यानंतरही 'हे माझं आहे' असं म्हणण्याचा लेखकाचा हक्क राहतो. हे वाचून मी खुर्चीवरून जवळजवळ उठलेच. फ्रान्सने तर हा हक्क कायमचा आणि न देता येण्याजोगा मानला आहे. पण मग पुढचं वाचत गेले आणि पुन्हा खाली बसले. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात हा हक्क आहे, पण तो आपण लेखी सांगून बजावावा लागतो, आणि एका सहीने सोडूनही देता येतो. अमेरिकेने १९९० साली दृश्यकलावंतांसाठी असा कायदा केला. त्यात पॅकेजिंग हा शब्द चक्क लिहिलेला आहे. आत घेण्यासाठी नाही. हे यात धरायचं नाही, अशा यादीत. पोस्टर, जाहिरात, वेष्टन, डबा. माझं सगळं आयुष्य त्या यादीत होतं.

आणि खरी मेख तर पुढे आहे. 'हा मी केला' असं म्हणण्याचा हक्क तुम्हाला असला, तरी त्यातून 'हा बघा' म्हणण्याचा हक्क निघत नाही. वेबसाइटवर फोटो लावणं म्हणजे प्रत काढणं, आणि प्रती काढण्याचा हक्क तर नवव्या पानावर देऊन बसलेली. भारताच्या कायद्यात नावाच्या हक्काच्या कलमाखाली एक स्पष्टीकरण जोडलेलं आहे: एखादं काम न मांडणं, किंवा लेखकाला पटेल असं न मांडणं, हे या हक्काचं उल्लंघन धरायचं नाही. कायद्याने नाव सांगू दिलं. दाखवणं हा वेगळा विषय ठेवला. त्यावर गोपनीयतेचा करार असला की नावसुद्धा तोंडातच ठेवायचं. पोर्टफोलिओचा, म्हणजे आपल्या कामाचे नमुने दाखवण्याचा, हक्क म्हणून जे काही आपण मोठ्या आवाजात म्हणतो, ते कुठल्या कायद्याच्या पुस्तकात तयार मिळेल या आशेने मी वाचत होते. शेवटी सगळं फिरून त्याच अकरा पानांशी आलं.

या वाचनातून एक गमतीची गोष्ट मात्र हाती लागली. कायदेशीररीत्या तयार झालेली प्रत तुमच्या मालकीची असेल, तर ती समोर हजर असलेल्या माणसांना दाखवायला अमेरिकेच्या कायद्यात परवानगी लागत नाही. पडद्यावर दाखवली तरी एका वेळी एकच चित्र, एवढी अट. म्हणजे वेबसाइटवर फोटो लावणं वेगळं आणि पिशवीतून खोका काढून टेबलावर ठेवणं वेगळं! मी दुकानात जाऊन माझेच खोके माझ्याच पैशांनी विकत घेतले आणि दोन मीटिंगांना पिशवीत घालून नेले. ठेवला टेबलावर. समोरच्याने उचलला, झाकण उघडलं, आतली घडी बघितली, आणि हा तुम्ही केला का, असं विचारलं. मी उत्तर दिलं नाही. नववं पान आठवून नुसती हसले. असं हसणं किती मूर्खपणाचं दिसतं ते नंतर लक्षात आलं, आणि तिसऱ्या मीटिंगला खोका घरी ठेवला.

क्लायंटची बाजू मला सुरुवातीला मुळीच दिसली नाही. हळूहळू दिसली, आणि ती अगदीच पोकळ नाही. वस्तू बाजारात यायच्या आधी तिचं चित्र बाहेर पडलं तर स्पर्धक सावध होतो, हे सरळ आहे. नव्या आकाराची किंवा यंत्रणेची नोंदणी व्हायची असेल तर आधीच उघड झालेली गोष्ट बऱ्याच देशांत नवी धरली जात नाही. एका डिझायनरने उत्साहात टाकलेल्या फोटोने कुणाची नोंदणी अडकू शकते. ॲपच्या पडद्यांवर खऱ्या माणसांची नावं, खरे आकडे असतात. ते तसेच उचलून पोर्टफोलिओत टाकणारे लोक मी पाहिलेत आणि मला शहारे आले आहेत. पण याहून मोठा गुन्हा आपण केस स्टडीत, म्हणजे एखादं काम कसं केलं त्याची गोष्ट सांगताना, करतो असं मला आता वाटतं. 'आधी' आणि 'नंतर'. आधीचं किती विस्कळीत होतं, विक्री कशी मंदावली होती, आतल्या लोकांत कसा गोंधळ होता, आणि मग आम्ही आलो. क्लायंटने विश्वासाने सांगितलेलं त्याचं दुखणं आपण आपल्या शौर्यकथेचा पहिला अंक म्हणून वापरतो. मी माझ्या जुन्या केस स्टडी पुन्हा वाचल्या. दोन ठिकाणी मला स्वतःची लाज वाटली. मी क्लायंट असते तर मीही लीगलला उठवलं असतं.

आणखी एक कारण कुणी बोलून दाखवत नाही. प्रत्येक ब्रँडला आपण स्वयंभू आहोत असं दिसायला हवं असतं. खाली घण घालणारा कुणी होता हे दिसलं की मूर्ती जरा कमी देवासारखी वाटते. नायकीची ती प्रसिद्ध खूण १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन नावाच्या विद्यार्थिनीने काढली, तिला ३५ डॉलर मिळाले, आणि १९८३ मध्ये कंपनीने तिला बोलावून अंगठी आणि शेअर दिले. हे आज जगाला ठाऊक आहे, कारण कंपनीनेच ते मानाने सांगितलं. खूण लहान झाली नाही त्याने. उलट तिला गोष्ट मिळाली. पण हे पटवून द्यायला मालिका जगप्रसिद्ध व्हावी लागते. माझ्या खोक्याचं तसं काही होणार नव्हतं.

एजन्सीमार्फत आलेल्या कामाचं तर बोलूच नये. तिथे तुमचा क्लायंट म्हणजे एजन्सी, आणि तिच्या क्लायंटला तुम्ही जन्मालाच आलेले नसता. मेलमध्ये एजन्सीच्या नावाचा पत्ता वापरायला देतात. मी एकदा वापरला. एका व्हिडिओ मीटिंगला माझी ओळख 'आमच्या टीममधली' अशी करून दिली आणि मी मान डोलावली. नंतर ते काम दाखवायची परवानगी मागताना मला माझीच ती मान आठवली.

आता मी विचारते. पहिल्याच मेलमध्ये, किमतीबरोबर. वाक्य साधं ठेवलंय: काम सार्वजनिक झाल्यावर मी ते माझ्या पोर्टफोलिओत माझ्या भूमिकेच्या उल्लेखासह दाखवीन, एखादा भाग गुप्त ठेवायचा असेल तर आत्ता सांगा. अमेरिकेतल्या डिझायनरांची एआयजीए नावाची १९१४ पासूनची संस्था आहे. तिच्या नमुना करारात असं कलम पूर्वीपासून छापलेलं आहे, आणि त्यात दोन्ही पक्षांना आपापली भूमिका सांगण्याची मोकळीक आहे. मला हे 'दोन्ही' आवडलं. सुरुवातीला विचारलं की दहातले बहुतेक लोक 'बरं' म्हणतात, कारण तेव्हा त्यांना तुम्ही हव्या असता आणि चित्र अजून अस्तित्वात नसतं. शेवटी विचारलं की तीच माणसं लीगलला विचारतात. नाहीच म्हणाले तर मी तीन गोष्टी मागून बघते: एक, सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तरी. दोन, चित्र नको तर नुसतं नाव आणि एक ओळ. तीन, मौनाचे पैसे. तिसरं सांगताना माझी अजून जीभ अडखळते. पण न दाखवता येणाऱ्या कामामुळे पुढची कामं मिळायला वेळ लागतो, तो वेळ कुणीतरी भरून द्यायला हवा, हा हिशेब चुकीचा नाही.

नाकारलेल्या पर्यायांचा एक वेगळाच गुंता आहे. क्लायंटने पाचातला एक निवडला. उरलेले चार कुणाचे? करारात 'फक्त अंतिम' लिहिलं असेल तर बहुधा तुमचे. पण त्यावर क्लायंटचं नाव आहेच. मी नाव खोडून एक खोटंच नाव घातलं आणि दाखवले. गंमत म्हणजे लोकांना ते निवडलेल्यापेक्षा जास्त आवडतात.

आणि पासवर्डची पानं. आमच्यात निम्म्या लोकांची अशी पानं आहेत: गुप्त काम पासवर्डमागे ठेवायचं, आणि मागेल त्याला पासवर्ड द्यायचा. मी या बाबतीत कर्मठ आहे. दारावर पडदा टाकला म्हणून आतलं घर आपलं होत नाही. पासवर्ड म्हणजे परवानगी नव्हे, हे मी नव्या मुलांना व्याख्यान दिल्यासारखं सांगत आले. बऱ्याच जणांना. तिलाही.

ती म्हणजे खोक्यावरचं चित्र काढणारी मुलगी. हे इतका वेळ मी सांगितलं नाही. खोका 'मी केला' असं मी पहिल्यापासून म्हणतेय, पण त्यावर मध्यभागी एक चित्र आहे, वेलीसारखं वर चढत जाणारं, आणि ते माझं नाही. मला तसं काढता येत नाही. मी तिला शोधून काढलं, तिला काम दिलं, पैसे वेळेवर दिले (याचा मला अभिमान होता). करारही केला. तेव्हा माझ्याकडे माझा असा करार नव्हता, म्हणून समोर होता तोच घेतला, क्लायंटच्या जागी माझं नाव घातलं आणि अकरा पानांची चार केली. नवव्या पानावरचा परिच्छेद चारात बसला. बसवला मी. क्लायंटला सगळे हक्क द्यायचे तर ते आधी माझ्याकडे यायला हवेत, हे तर खरंच. पण 'तू हे दाखवू शकतेस' अशी एक ओळ घालायला मला कुणी अडवलं नव्हतं. सुचलीच नाही.

मालिका बाजारात आली त्या आठवड्यात तिचा मेसेज आला होता. "ताई, मी चित्र माझ्या पानावर लावू का?" मी लिहिलं, "थांब जरा, क्लायंटला विचारून सांगते." मी विचारलं नाही. मला स्वतःचे फोटो लावायचे होते, आणि विचारलं तर नाही म्हणतील अशी कुठेतरी धाकधूक होती, म्हणून न विचारता लावले. माझ्या त्या आठ फोटोंखाली तिचं नाव होतं का? नव्हतं. फोटो काढणाऱ्याचंही नव्हतं. फोटो त्याचे, चित्र तिचं, अक्षरांचा टाइपफेस तिसऱ्याच कुणाचा, आणि खाली एकच नाव, माझं. मेल आल्यावर मी रागाने पेटून उठले, चार लोकांना फोन केले, कायदा वाचला, खोके विकत घेतले. या सगळ्यात तिला काही कळवायचं राहून गेलं. तिनेही पुन्हा विचारलं नाही.

हे मला आठवलं ते माझा नवा करार लिहिताना. 'माझ्या भूमिकेच्या उल्लेखासह' असं वाक्य लिहिलं, आणि या खोक्यात माझी भूमिका नेमकी काय, ते लिहून बघायला गेले. मांडणी, अक्षररचना, घडीचा आराखडा, छपाईवर देखरेख. चित्र हा शब्द यादीत येईना.

मग मी क्लायंटला लिहिलं. त्या बाई नोकरी सोडून गेल्या होत्या. त्यांच्या जागी आलेल्या गृहस्थांना सगळी हकिगत कळवली, दोघींच्या वतीने परवानगी मागितली. दोन दिवसांत उत्तर आलं. पॅकेजिंग गेल्या वर्षीच बदललं आहे, जुन्याबद्दल आमची काही हरकत नाही, खुशाल वापरा. लीगलचा उल्लेखही नव्हता. ज्यासाठी मी इतकी जळत होते ते आता कुणालाच नको होतं, आणि पाच वर्षं जुनं काम 'अलीकडचं' म्हणून दाखवायची वेळही निघून गेली होती.

ते उत्तर मी तिला पाठवलं. सोबत लांबलचक माफी. चारदा लिहून चारदा लहान केलेली. आता तू चित्र लावू शकतेस, उशीर झाला, चूक माझी.

तिचं उत्तर संध्याकाळी आलं. "अहो ताई, मी तेव्हाच लावलं होतं. पासवर्ड घालून. तुम्ही ओरडाल म्हणून बोलले नाही." खाली पासवर्ड दिला होता.

मी पान उघडलं. वेल होती, पांढऱ्या कागदावर, वर चढत गेलेली. नुसती वेल. वस्तूचं नाव नव्हतं, माझी अक्षरं नव्हती, कडेची रेघ नव्हती, खोकाच नव्हता. तिने दिलेल्या मूळ चित्रात त्या वेलीला खालच्या बाजूला दोन पानं जास्त होती. मांडणीत बसत नाहीत म्हणून मी ती कापली होती. ती दोन्ही जागेवर होती.